कळवतो

चौगुले सर दारात उभे होते. दोन्ही हातांत पेढ्यांचे बॉक्स, बगलेत लॅपटॉप, आणि चेहरा मात्र मयताला निघाल्यासारखा.

"काकू आहेत का?"

"आहेत की. पेढे? कुणाचं जमलं सर?"

"सगळ्यांचं," सर म्हणाले. "एकसष्ट जणांचं. आज सकाळी. एकदम."

आठ वर्षं झाली याला. तेव्हा मी सांगलीत विजयाकाकू आडमुठेंच्या वधू-वर केंद्रात बसायचो. आडनाव खरंच आडमुठे आहे, मी ठेवलेलं नाही. केंद्र म्हणजे काकूंच्या घराची पुढची खोली: एक दिवाण, दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरवर चालणारं सॉफ्टवेअर मी लिहिलं होतं. नाव 'आंतरपाट'. मी चोवीस वर्षांचा. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलेलं, क्लास एकही नाही, सगळं मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलेलं. दादा जेवताना आईला विचारायचा, "व्हिडिओ बघून पोहायला शिकलेला माणूस बघितलायस का गं कधी?" मी मान खाली घालून आमटी ओरपायचो. पण मनात म्हणायचो, स्क्रीन बघ ना माझी. एकदा बघ तरी. आख्ख्या आयुष्यात 'हे मी केलं' म्हणावी अशी माझ्याकडं तेवढी एकच गोष्ट होती.

स्क्रीन साधीच होती. एका ओळीत पाच चौकोन. नवीन, चौकशी, पोहे, मामा, कळवतो. एक स्थळ म्हणजे एक कार्ड, ते ढकलत ढकलत पुढच्या चौकोनात न्यायचं. 'चौकशी' दाबलं की त्या स्थळाच्या शेजारच्यांचा नाही, तिसऱ्या घरातल्यांचा नंबर यायचा. शेजाऱ्याचं भिंतीवरनं काहीतरी चालू असतंय, तो खरं सांगत नाही. 'पोहे' म्हणजे बघण्याचा कार्यक्रम. त्यानंतर 'मामा', कारण पोह्यांनंतर वडील कधी स्पष्ट बोलत नाहीत, जे काय असेल ते मामा बोलतो. आणि शेवटचं, गुलाबी: 'कळवतो'.

त्याचा अर्थ आपल्याकडं कुणाला शिकवावा लागत नाही. पोहे झाले, चहा झाला, चपलेत पाय घालता घालता मुलाचे वडील म्हणाले "बरंय मग, कळवतो" की विषय संपला. आत मुलगी साडी सोडायला घेते. कुणी कुणाला काही कळवत नाही. माझ्या सॉफ्टवेअरमध्येही 'कळवतो' दाबलं की काहीही व्हायचं नाही. कार्ड गुलाबी व्हायचं आणि गप पडून राहायचं.

तर चौगुले सर. गणिताचे निवृत्त मास्तर, माधवनगरला असंच केंद्र चालवायचे. महिन्यापूर्वी त्यांनी पुण्याच्या 'परिणय सोल्यूशन्स' नावाच्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं होतं.

काकू हात पुसत बाहेर आल्या. "काय ओ सर, पेढे कसले?"

"काकू, आधी एक सांगा. तुमच्यात 'कळवतो' दाबलं की काय होतं?"

"काय होणार? काय नाही. त्यासाठीच तर दाबायचं."

सर दिवाणावर बसले. बसले म्हणजे कोसळले. "आमच्यात मेसेज जातो."

"कुणाला?"

"समोरच्या पार्टीला."

"काय म्हणून?"

सरांनी मोबाइल लांब धरून वाचलं. "'अभिनंदन! आपले स्थळ पसंत आहे. पुढील बोलणीसाठी आपणांस कळवत आहोत.' मेसेजची सोय त्यांनी आज सकाळी चालू केली. महिनाभराचे साचलेले नकार सगळे एकदम सुटले. कवठेएकंदच्या एका मुलीनं चार स्थळं नाकारली होती. चौघंही सकाळी दारात. चौथा तर बँडवाल्याला घेऊनच आला."

"आणि मुलगी?"

"माडीवर जाऊन बसलीय. शिडी वर ओढून घेतलीय."

काकूंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. मग त्यांनी एक बॉक्स उघडला, पेढा मोडला. "चांगलाय. कुणाचा?"

"आष्ट्याच्या पार्टीचा. त्यांना तर तिनं दोनदा नकार दिलाय."

मला हसू येत होतं, पण मी तोवर सरांचा लॅपटॉप उघडला, आणि हसू गेलं.

माझी स्क्रीन. पाच चौकोन, एका ओळीत. तेच शब्द, तोच क्रम, तोच गुलाबी. वर फक्त नाव वेगळं, आणि खाली बारीक अक्षरात 'सर्व हक्क राखीव'. 'चौकशी' दाबून बघितलं, तर शेजारच्या घराचा नंबर आला. 'मामा' दाबलं, तर एक खिडकी उघडली: "नमस्कार, मी मामा! आपणांस सॉफ्टवेअर वापरताना काय अडचण येत आहे?"

"हा कसला मामा?" काकूंनी विचारलं.

"ह्यांना वाटलं, मामा म्हणजे मदत."

"तसं चूक नाही म्हणा."

मग मला आठवलं. आदल्या वर्षीच्या वधू-वर मेळाव्यात आमचं टेबल होतं. चष्मा लावलेला एक पोरगा आलेला, "वा, काय क्लीन आहे!" म्हणत मोबाइलनं स्क्रीनचे फोटो काढत होता. मला इतकं भारी वाटलं होतं की उजेड पडतोय म्हणून खिडकीचा पडदा मीच ओढून दिला. बसायला खुर्चीही दिली.

"ह्याला सोडायचं नाही," मी म्हटलं.

"नको सोडू," काकू म्हणाल्या. "पेढा खा."

*

मगदूम वकिलांच्या मुलीचं लग्न काकूंनी जुळवलं होतं, त्यामुळं त्यांनी आम्हाला लगेच आत घेतलं. सगळं ऐकलं. कवठेएकंदच्या शिडीचं दोनदा ऐकलं. मग चष्मा कपाळावर नेला.

"हे बघ धैर्यशील. लग्नं जुळवायची कल्पना कुणाच्या बापाची नाही. 'पोहे', 'मामा' असल्या सुट्या शब्दांवर पण कुणाला हक्क सांगता येत नाही. बटण दाबलं की जे काम होतं, त्या कामावर पण नाही. कॉपीराइट असतो तो मांडणीला. कुठं काय ठेवलं, कसं रंगवलं, कसं दिसतं, त्या रूपाला."

"म्हणजे आहे ना माझा?"

"ऐक तर. भाकरी गोल असते म्हणून कोण कुणाला नोटीस धाडत नाही. पण तू भाकरीवर तीळ लावून मोर काढलास, आणि शेजारणीनं अगदी तोच मोर काढला, तर भांडता येतं."

"म्हणजे जिंकू?"

"भांडता येतं म्हटलं. जिंकू म्हटलं नाही. भाकरी कुठं संपते आणि मोर कुठं सुरू होतो, ते कोर्ट ठरवणार. एवढं सांग, मोर तुझाच ना?"

"माझाच."

"कुठलं बघून केलेलं नाही ना?"

"नाही ओ," मी म्हटलं. आणि खरंच, दुसरं कुठलं सॉफ्टवेअर मी तोवर बघितलेलंच नव्हतं.

नोटीस गेली. मी तिची एक झेरॉक्स मुद्दाम घरी जेवणाच्या टेबलावर विसरलो. दादानं वाचली. त्या दिवशी पोहायचा विषय निघाला नाही.

*

दहा दिवसांनी परिणयचा मालक स्वतःच सांगलीला आला. ईशान टिपरे. तोच, चष्म्याचा. मला वाटलं होतं माजुर्डा असेल, पण गडी वाकून काकूंच्या पाया पडला, आणि माझी पंचाईत झाली. पाया पडणाऱ्या माणसावर लगेच ओरडता येत नाही.

मगदूम वकिलांच्या टेबलावर दोन्ही स्क्रीनच्या रंगीत प्रिंट शेजारी शेजारी ठेवलेल्या. खुर्चीत काकू, साक्षीदार म्हणून. कोपऱ्यात कारकून कांबळे टायपिंगला.

"काका, हे बघा," ईशान म्हणाला, "ही अगदी जनरल बटणं आहेत. लग्नाचं सॉफ्टवेअर कुणीही करायला घेतलं तरी असंच होणार. आम्ही आमचं आमचं बनवलंय."

"असेल," मगदूम म्हणाले. "मग हे शेवटचं बटण तुम्ही का ठेवलंत? 'कळवतो' म्हणजे काय?"

"कळवतो म्हणजे… कळवतो. इन्फॉर्म करतो."

कांबळेंच्या कीबोर्डचा आवाज थांबला. ते टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत.

"लग्न झालंय का रे तुझं?" काकूंनी विचारलं.

"नाही काकू."

"बघायला गेलायस कधी?"

"एकदा. गेल्या वर्षी. कोल्हापूरला." त्याचा चेहरा जरा उजळला. "छान लोक होते. पोहे दोनदा वाढले. आमचं बरंच बोलणंही झालं. तिला माझ्यासारखंच…" तो थांबला. "असो. निघताना तिचे वडील म्हणाले, कळवतो."

"मग?"

"मग काय, अजून त्यांचा—"

पंखा फिरत होता. आम्ही सगळे वेगवेगळीकडं बघायला लागलो. मी तर भिंतीवरचं कॅलेंडर आख्खं वाचलं.

"अरे बापरे," ईशान हळूच म्हणाला. "चौदा महिने मी…"

काकूंनी पिशवीतनं डबा काढला. चौगुले सरांचे उरलेले पेढे. "घे. असू दे. होतं असं."

त्यानं पेढा खाल्ला. पाणी प्याला. मग चष्मा काढून पुसत म्हणाला, "फोटो मीच काढले होते. मेळाव्यात. ह्यानं पडदासुद्धा ओढून दिला होता."

"ते सांगायची गरज नव्हती," मी म्हटलं.

तिथनं पुढं सगळं भराभर झालं. ईशान म्हणाला, भांडायचं नाही, रीतसर करू. तुम्ही लेखी द्या की मांडणी तुमची, आम्ही परवानगी घेऊन वापरतो. आमच्या प्रत्येक स्क्रीनवर खाली नाव टाकतो. कांबळेंनी टाइप केलं. मगदूम वकिलांनी वाचून दाखवलं: "सदर स्क्रीनची मांडणी, क्रम व रंग ही श्री. धैर्यशील खोत यांनी कुणाचीही नक्कल न करता, केवळ स्वतःच्या बुद्धीने केलेली निर्मिती आहे."

श्री. केवळ स्वतःच्या बुद्धीने. निर्मिती. मला ते वाक्य अजून पाठ आहे. मी डोक्यात ते दादाला वाचून दाखवत होतो. आमटी वाढत असलेल्या आईलासुद्धा.

पेन हातात घेतलं. टोपण काढलं.

काकू टेबलावरच्या प्रिंट बघत होत्या. माझी प्रिंट उचलून त्यांनी डोळ्यांजवळ नेली.

"ह्यात गुलाबी जरा फिका आलाय का रे? आपलं खोकं चांगलं गडद होतं."

टोमणा नव्हता तो. देवाशपथ नव्हता. त्या खरंच रंगाबद्दल बोलत होत्या.

आता ते खोकं सांगितलंच पाहिजे. कॉम्प्युटर यायच्या आधी काकूंच्या त्या दिवाणावर साड्यांची पाच रिकामी खोकी असायची, एका ओळीत. झाकणांवर स्केचपेननं लिहिलेलं. नवीन. चौकशी. पोहे. मामा. आणि शेवटचं, गुलाबी. प्रत्येक स्थळाचं एक कार्ड, काकू ते एका खोक्यातनं उचलून दुसऱ्यात टाकायच्या. मी तीन आठवडे त्या दिवाणाच्या कडेला बसून ते बघितलं. मग मोबाइलनं वरनं एक फोटो काढला, आणि तो फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठेवून, त्याच्यावरच, चौकोन आखले. खोकी माळ्यावर गेली. वर्षभरात मी ती विसरलो. विसरलो म्हणजे, इतक्या वेळा 'माझी स्क्रीन, माझी स्क्रीन' म्हटलं की खोकी आपोआप पुसली गेली.

मी पेनाला टोपण लावलं.

"वकीलसाहेब, एक मिनिट."

"आता काय?"

"बघून केलाय."

"काय?"

"मोर."

मगदूम वकिलांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. मी सगळं सांगितलं. फोटोचंसुद्धा.

"अरे मग दहा दिवसांपूर्वी विचारलं तेव्हा काय तोंडात गुळणी धरली होतीस?"

"मला वाटलं तुम्ही सॉफ्टवेअरचं विचारताय."

"साड्यांच्या खोक्यांचं कोण विचारणार, गाढवा!"

ईशान माझ्याकडं बघत होता. "म्हणजे तू पण कॉपीच केलंस?"

"हो," मी म्हटलं. "पण मी अर्थासकट केलं."

हे मला नंतर खूप आवडलेलं वाक्य आहे. तेव्हा मात्र कान तापले होते.

काकू बिचाऱ्या गोंधळून गेल्या होत्या. "मी काय चुकीचं बोलले का? खोक्याला पण मालक असतोय होय?"

"मांडणी तुम्ही केलीत ना काकू? तुमच्या डोक्यातनं?" मगदूम म्हणाले.

"डोक्यातनं कुठली, कपाटातनं. जी खोकी रिकामी होती ती घेतली."

"मग ते 'कळवतो' का लिहिलंत? सरळ 'नकार' लिहायचं."

"असं कसं?" काकू एकदम ताठ बसल्या. "पोरींच्या आया येऊन बसतात दिवाणावर. मी आत चहा ठेवायला गेले की हळूच खोक्यांत डोकावतात. मला काय माहीत नाही होय? आपल्या पोरीचं कार्ड 'नकार'च्या खोक्यात बघितलं तर त्या बाईनं काय करायचं? 'कळवतो'मध्ये दिसलं की तिला वाटतं, आहे अजून. निदान चहा तरी गोड लागतो तिला. म्हणून लाल खोकं असूनसुद्धा घेतलं नाही मी. गुलाबी घेतलं."

मी त्या बटणाचं कोड लिहिलं होतं, अकरा ओळी. त्यात हे कुठंच नव्हतं.

मग मगदूम वकिलांनी कांबळेंना खूण केली. माझं नाव गेलं, 'श्रीमती विजया आडमुठे' आलं. 'श्री. धैर्यशील खोत' पुसलं जाताना मी बघत होतो. सहा वेळा बॅकस्पेस, मग कांबळेंनी सरळ आख्खी ओळच उडवली.

ईशाननं कागद दोन्ही हातांनी काकूंसमोर धरला. "काकू, मग तुम्हीच करा सही. हक्क तुमचा."

काकूंनी चष्मा लावून सगळं वाचलं. मग कागदाचा डावा कोपरा नखानं दुमडला. ते दुमडणं मला माहीत होतं. जे कार्ड शेवटच्या खोक्यात जायचं त्याचा कोपरा त्या असाच दुमडायच्या. कागद पिशवीत गेला.

"बरंय मग," काकू उठल्या. "कळवते."

ईशाननं पिशवीकडं बघितलं. काकूंकडं बघितलं. आणि हळूहळू, अगदी कानापर्यंत, हसला.

"येतो काकू."

"या. आणि त्या कोल्हापूरच्या पोरीचं नाव, पत्ता देऊन जा. तिसऱ्या घरात विचारून बघते. बाप कळवतो म्हणाला असेल, मामा काय म्हणतो ते अजून कुठं ऐकलंय आपण?"

*

बाहेर आल्यावर मी विचारलं, "का नाही केली सही? तुमचंच होतं की."

"सही केली की माझंच झालं असतं," काकू म्हणाल्या. "मग चौगुले सरांनी काय करायचं? कुणाला कळवतो म्हणायचं झालं की आधी मला फोन?"

ईशाननं पुढच्या आठवड्यात मेसेज बंद केले, चौगुले सरांच्या सगळ्या पार्ट्यांना स्वतः फोन करून माफी मागितली. चौकोन तेवढे तसेच ठेवले. आम्ही परवानगी दिली नाही आणि कधी हटकलंही नाही. कवठेएकंदची मुलगी त्याच दिवशी खाली उतरली होती, पण बँडवाल्याकडं बघून. पुढच्या वर्षी त्याच्याशीच तिचं लग्न झालं. काकू म्हणाल्या, ह्यात आपलं काही श्रेय नाही, पण पेढे घ्यायला हरकत नाही.

माझ्या स्क्रीनवर मी खाली एक ओळ घातली, ती अजून आहे: 'मांडणी: विजयाकाकूंची पाच खोकी. टायपिंग: धैर्यशील खोत.' दादानं ती वाचली. म्हणाला, "टायपिंग बरं केलंयस." ह्यापेक्षा जास्त त्याच्याकडनं अजून आलेलं नाही.

पण त्या दिवशीचं एक राहिलं. रिक्षाची वाट बघत आम्ही कोपऱ्यावर उभे होतो. काकूंनी पिशवी या हातातनं त्या हातात घेतली आणि रस्त्याकडं बघतच विचारलं,

"मी ते गुलाबीचं बोलले नसते, तर सही केली असतीस का रे?"

मी बराच वेळ रिक्षा येतेय का ते बघितलं. येत नव्हती.

"कळवतो," मी म्हटलं.

काकू इतक्या हसल्या की समोरच्या पानपट्टीवाल्यानं मान वर करून बघितलं. अजूनही फोनवर कधीतरी त्या मध्येच विचारतात, "काय रे, कळवणार होतास ना?"

आठ वर्षं झाली. अजून कळवलेलं नाही.